पंडिता रमाबाई : ज्ञानापासून दर्शनापर्यंत

देवाविषयी पुष्कळ माहिती असणे निराळे आणि देवाने आपणांस प्रकट होणे निराळे. हा भेद ज्यांनी स्वतःच्या आयुष्यात पुरता अनुभवला, त्यांत पंडिता रमाबाईंचे नाव अग्रभागी आहे. त्यांच्या परोपकाराची कीर्ती सर्वश्रुत आहे. परंतु ज्या झऱ्यातून तो वाहिला, तो झरा त्यांस केव्हा व कसा सापडला, हे आपल्या खेडोपाडीच्या मंडळ्यांनी विशेषेकरून जाणून घेण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ साली सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये हा त्या काळचा दंडक न जुमानता त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला ती भाषा शिकविली, व त्या मातेने ती आपल्या धाकट्या कन्येस दिली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगत असे. उपासतापास, व्रते, स्नाने, दाने यांत त्यांनी काही उणे ठेविले नाही. अखेर द्रव्य संपले, दुष्काळ पडला, आणि १८७४ साली वडील व पाठोपाठ आई ही दोघे अन्नावाचून खंगून निवर्तली. थोरली बहीणही गेली. उरलेली दोन भावंडे, रमा व श्रीनिवास, हजारो मैल पायी चालत राहिली. ज्या देवाचे दर्शन व्हावे म्हणून हे सारे सोसले, तो काही भेटला नाही.

१८७८ साली ती दोघे कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी ह्या तरुणीची विद्वत्ता पाहून तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. ह्याच शहरी त्या प्रथम एका ख्रिस्ती मेळाव्यास गेल्या. लोक खुर्च्यांपुढे गुडघे टेकून प्रार्थना करीत होते. ते खुर्च्यांनाच नमन करीत असावेत असे बाईंस वाटले! तेथे त्यांस संस्कृतातील पवित्र शास्त्राची एक प्रत मिळाली. पण त्या ग्रंथाची धाटणी त्यांच्या परिचयाच्या संस्कृताहून इतकी वेगळी होती की, तो वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांच्या मनाने घेतले. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. विद्या होती, भाषा येत होती, ग्रंथही हाती होता. उणी होती ती केवळ दृष्टी.

१८८० साली बंधू वारला. त्याच वर्षी बाबू बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी बाईंचा विवाह झाला. आसामात सिलचर येथे राहत असता घरातील पुस्तकांत लूककृत शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती आली, आणि ख्रिस्ताविषयी जिज्ञासा जागी झाली. १८८२ साली पती पटकीने दगावले. तान्ह्या मनोरमेस घेऊन बाई पुण्यास आल्या व पुढल्या वर्षी इंग्लंडास गेल्या. तेथे वाँटेजच्या भगिनीसंघाच्या पतित स्त्रियांसाठी चालविलेल्या आश्रमात त्यांनी पाहिले की, जगाने टाकलेल्यांस ख्रिस्ताचे लोक जवळ घेतात. योहानाच्या चौथ्या अध्यायातील शमरोनी स्त्रीची कथा ऐकून त्यांचे अंतःकरण द्रवले, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

बहुतेक चरित्रे येथे संपतात. रमाबाईंची खरी शोधयात्रा मात्र अजून संपली नव्हती. त्यांनी अमेरिकेत व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिला, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. लोक त्यांस आदर्श ख्रिस्ती समजत. पण एकांतात त्या स्वतःस ओळखीत होत्या. ख्रिस्ती मते त्यांनी बुद्धीने तोलून, पसंत करून पत्करली होती. पापाचा भार मात्र तसाच होता. पुढे हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा मनुष्य कित्येक वर्षे उपदेश करीत असूनही स्वतः तारणाचा अनुभव नसलेला होता. ते वाचून बाईंस आपली स्थिती कळली. बाप्तिस्म्यास आठ वर्षे लोटल्यावर त्यांना उमगले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून सापडलेला नाही.

मग त्यांनी पवित्र शास्त्र पुन्हा उघडले. ह्या वेळी पंडिता म्हणून नव्हे, तर भिकारीण म्हणून. तारणासाठी आपण काही करावयाचे उरलेले नाही, जे करावयाचे ते प्रभूने केले आहे, हे पवित्र आत्म्याने त्यांच्या अंतःकरणास उघड केले. आणि जन्मभर तीर्थोतीर्थी शोधलेली शांती त्यांस बसल्या जागी मिळाली.

हे दर्शन डोळे मिटून बसण्यासाठी नव्हते. १८९६-९७ च्या मध्यप्रांतातील दुष्काळात स्वतः उपासमार सोसलेली ही बाई भुकेल्या मुली व विधवा गोळा करावयास निघाली. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या सुमारास तेथे शेकडोंनी निराश्रित राहू लागल्या. १९०५ साली त्या मुलींमध्ये प्रार्थनेची मोठी जागृती झाली. मग बाईंनी उतारवयात इब्री व ग्रीक ह्या भाषा अभ्यासून सबंध पवित्र शास्त्र खेड्यातील बायकांस कळेल अशा सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मुक्तिसदनाच्या छापखान्यात स्त्रियाच खिळे जुळवीत. १९२१ साली एकुलती मनोरमा वारली. तरी माउलीने हातचे काम सोडिले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूजवळ गेल्या, आणि १९२४ साली ते भाषांतर संपूर्ण प्रसिद्ध झाले. संस्कृतातील जो ग्रंथ एके काळी त्यांनी बाजूस ठेविला, तोच अडाणी म्हणविल्या जाणाऱ्या बहिणींच्या हाती देण्यात त्यांची अखेरची शक्ती खर्ची पडली.

बंधुभगिनींनो, आपल्यांतील पुष्कळांचा बाप्तिस्मा बालपणीच झाला आहे. प्रश्नोत्तरे पाठ आहेत, गीते मुखोद्गत आहेत, देवळातील बैठकीची जागाही ठरलेली आहे. पण रमाबाईंची ती आठ वर्षे आपल्या आयुष्यात अजून चालूच तर नाहीत ना? दृष्टी विद्येने विकत मिळत नाही, आणि विद्या नाही म्हणून ती कोणास नाकारलीही जात नाही. ती देवाचे दान आहे. सायंकाळी काम आटोपल्यावर दिव्याजवळ शास्त्र उघडावे, वाचता येत नसेल त्याने मुलाकडून ऐकावे, आणि रिकामे हात पसरून मागावे. मिळालेला प्रकाश खरा की कसा, ह्याची पारख शेजारच्या उपाशी घरात होईल.