हळदोण्याचा उंच सूर

ट्रम्पेटचा माउथपीस बोटभर लांबीचा असतो. वादकाचे ओठ आणि पितळेची नळी यांच्यामध्ये तेवढीच एक वस्तू. तिच्या इवल्याशा वाटीवर हळदोण्याच्या आंतोनियो शाव्हियर वाझ यांनी आपले सारे आयुष्य टेकवले. मुंबईने त्यांना ओळखले ते चिक चॉकलेट या नावाने.

त्यांचा जन्म १९१६ सालचा. आई लाडाने चिको म्हणे, त्याचेच पुढे चिक झाले. मुलाने मेकॅनिक व्हावे, अशी आईची इच्छा होती. परंतु त्या काळी गोव्यात चर्चच्या शाळांतून मेस्ताच्या हाताखाली सोल्फेज आणि स्वरलिपीचे धडे मिळत. गावोगावच्या मुलांना त्यातूनच पोटापाण्याची वाट सापडे. चिक यांनीही तीच धरली आणि रंगूनमार्गे ते मुंबईला स्थिरावले.

१९३०च्या दशकात ताजमहाल हॉटेलात क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफोर्ड असे कृष्णवर्णीय अमेरिकी कलावंत जॅझ वाजवत होते. गोमंतकीय वादकांनी ती विद्या आत्मसात केली. चिक यांचे दैवत मात्र लुई आर्मस्ट्राँग. हातातला पांढरा रुमाल, घोगरा आवाज, वर उचललेला ट्रम्पेट हे सारे त्यांनी उचललेच, शिवाय तार सप्तकातील उंच स्वरांचा ध्यासही घेतला. १९४०च्या दशकात ग्रीन्स हॉटेलात त्यांचा म्युझिक मेकर्स हा वाद्यवृंद गाजू लागला.

हा ध्यास महाग पडणारा होता. उंच स्वरासाठी वादक माउथपीस ओठांवर दाबू लागला, की ओठांतील रक्तप्रवाह आखडतो आणि ते सुजतात. खुद्द आर्मस्ट्राँगला जखमी ओठांमुळे काही महिने वादन थांबवावे लागले होते. उथळ वाटीचा माउथपीस उंच स्वर सोपे करतो, परंतु नाद पातळ होतो; खोल वाटी भरदार नाद देते, पण लवकर थकवते. रुंद कड ओठांवरचा भार वाटून घेते, मात्र ओठांची चपळाई कमी करते. दर रात्री तासन्‌तास वाजवणाऱ्याला या तडजोडीतूनच आपला माउथपीस निवडावा लागतो.

चित्रपटसृष्टीत कसोटी आणखी कठीण होती. त्या काळी गायक आणि वाद्यवृंद यांचे ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. ट्रम्पेटचा एक स्वर फुटला, तरी सर्वांना पुन्हा आरंभापासून वाजवावे लागे. सी. रामचंद्र यांच्या ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांच्या संगीतात चिक यांचा वाटा मोठा. ‘अलबेला’त त्यांचा वाद्यवृंद पडद्यावरही झळकला. ‘नादान’ (१९५१) आणि ‘रंगीली’ (१९५२) यांना त्यांनी स्वतः संगीत दिले. ‘आखरी खत’मध्ये (१९६६) गाणाऱ्या भूपिंदर सिंग यांच्यासमवेत ट्रम्पेट वाजवताना ते दिसतात. पुढच्याच वर्षी, मे १९६७ मध्ये, पन्नाशी नुकतीच ओलांडली असताना त्यांचे निधन झाले. तबकड्यांवर संगीतकाराचे नाव छापले जाई. ज्यांच्या ओठांतून सूर उमटले, ते बहुतेक गोमंतकीय वादक निनावीच राहिले.

चित्रपटांतील हे ट्रम्पेटचे सूर पुढे देशभरातील लग्नाच्या बँडांनी उचलले. मुंबईहून उत्तरेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील तापीकाठचे बुऱ्हाणपूर घ्या. तिथल्या वैशाखातील उन्हात वरातीपुढे चालणाऱ्या वादकाच्या ओठांना पितळेचा माउथपीस चटका देतो. तिथे प्लास्टिकचा उपयोगी पडतो. तो तितका तापत नाही, हलका असतो आणि परवडतोही. महायुद्धात पितळेची टंचाई झाली, तेव्हा अमेरिकी लष्करानेही प्लास्टिकचे बिगूल वापरले होते. पण प्लास्टिक निवडले म्हणून स्वर उंच जात नाही. वाटीची खोली आणि कडेची रुंदी तिथेही पारखावी लागते. बाकीचे काम श्वासाचे आणि रियाजाने कमावलेल्या ओठांचे. हळदोण्याच्या चिकोने मुंबईत नाव कमावले, ते याच भांडवलावर.