आल्से फोर्तिए

आल्से फोर्तिए (५ जून १८५६ – १४ फेब्रुवारी १९१४) हे अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील फ्रेंचचे प्राध्यापक, इतिहासकार आणि लोककथांचे संकलक होते. लापँ (ससा) आणि बूकी या जोडीच्या कथा आज बालवाचकांना अनेकदा 'केजन लोककथा' म्हणून सांगितल्या जातात. त्या कथांचे मूळ बोलीतील आरंभीचे मुद्रित पाठ फोर्तिए यांच्यामुळे टिकले.

== जीवन ==
सेंट जेम्स परगण्यातील ऊसमळ्यांचे मालक असलेल्या फ्रेंचभाषक घराण्यात त्यांचा जन्म झाला. त्यांच्या आईचे वडील वाल्कूर एम हे त्या काळचे बडे साखर उत्पादक होते. गुलामांच्या श्रमावर उभे राहिलेले हे वैभव यादवी युद्धात (१८६१–६५) लयाला गेले. आजारपणामुळे फोर्तिए यांचे व्हर्जिनिया विद्यापीठातील शिक्षण अपुरे राहिले. पुढे ते न्यू ऑर्लिन्समध्ये शिक्षक झाले आणि १८८० पासून लुईझियाना विद्यापीठात फ्रेंच शिकवू लागले. हेच विद्यापीठ १८८४ मध्ये तुलेन विद्यापीठ झाले. १९०४ मध्ये त्यांचा लुईझियानाचा चार खंडांतील इतिहास प्रसिद्ध झाला.

== लोककथांचे संकलन ==
१८९५ मध्ये अमेरिकन फोकलोअर सोसायटीने त्यांचा लोककथासंग्रह प्रसिद्ध केला. त्यात क्रिओल बोलीतील मूळ पाठ आणि त्याचा इंग्रजी अनुवाद असे दोन्ही आहे. केवळ अनुवाद छापला असता तर कथा उरल्या असत्या, पण त्यांची बोली हरपली असती.

या कथांत चतुर सशाला 'कोंपेर लापँ' म्हणतात; मराठीत त्याला 'ससेभाऊ' म्हणता येईल. त्याच्याकडून वारंवार फसणारा तो बूकी. पश्चिम आफ्रिकेतील वोलोफ भाषेत 'बूकी' म्हणजे तरस. लुईझियानात तरस नाही. समुद्रापार आणलेल्या गुलामांसोबत नाव आले आणि प्राणी मागे राहिला. डांबराच्या बाहुल्याला सशाचे हातपाय चिकटतात ही कथाही या संग्रहात आहे. तिच्याशी जुळणारा प्रसंग पाली जातककथांतील 'पंचावुध जातका'त आढळतो.

== 'केजन' हे नाव ==
ब्रिटिशांनी १७५५ पासून अकेडियातून (आजचा नोव्हा स्कोशिया परिसर) हुसकावलेल्या फ्रेंचभाषकांपैकी जे लुईझियानात स्थिरावले, त्यांचे वंशज म्हणजे केजन. फोर्तिए यांनी त्यांच्या बोलीवर १८९१ मध्ये स्वतंत्र निबंध लिहिला. प्राणिकथा मात्र त्यांनी मुख्यतः कृष्णवर्णीय क्रिओल भाषकांकडून मिळवल्या. शेजारामुळे त्या केजन घरांतही रुजल्या हे खरे. तरीही त्यांना नुसते 'केजन' म्हटले की पहिले कथनकार झाकले जातात. याचा थोडा दोष फोर्तिए यांच्याकडेही जातो. कथा सांगणाऱ्यांविषयी त्यांच्या नोंदी फार त्रोटक आहेत, आणि त्यांच्या लेखनात मळेमालक वर्गाचा वरचढपणा जाणवतो.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १९२१ च्या राज्यघटनेने लुईझियानाच्या शाळांत इंग्रजी हेच शिक्षणाचे माध्यम ठरवले. पुढच्या पिढ्यांतील मुलांना शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा होऊ लागली आणि घरोघरी रात्री सांगितल्या जाणाऱ्या या कथांचे श्रोतेही घटत गेले.