कार्लोस फिनले

क्यूबा हे वेस्ट इंडीजमधील एक सुपीक व रमणीय बेट आहे. ऊस आणि तंबाखू यांची पिके तेथे पूर्वी उदंड येत. परंतु एकोणिसाव्या शतकात या बेटाचे नाव काढताच दर्यावर्दी लोकांच्या उरात धडकी भरे; कारण तेथे पीतज्वराचे ठाणे होते. हा रोग जडला म्हणजे अंग तापाने फणफणे, डोळे व कातडी पिवळी पडे आणि कित्येक रोगी थोड्याच दिवसांत दगावत. कोणी याचा दोष दूषित हवेस देई, तर कोणी रोग्याच्या कपड्यांस. खरे कारण कोणासच ठाऊक नव्हते.

याच बेटावर ३ डिसेंबर १८३३ रोजी कार्लोस फिनले यांचा जन्म झाला. वडील स्कॉटिश वंशाचे डॉक्टर होते, तर आईचे घराणे मूळचे फ्रेंच होते. लहानपणीच्या एका दुखण्यामुळे कार्लोसचे बोलणे अडखळत होई. तरी विद्येची आवड मोठी. १८५५ साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी घेऊन ते मायदेशी परतले आणि हवाना शहरात रोग्यांची सेवा करू लागले.

पीतज्वराचे मूळ शोधण्याचा ध्यास त्यांनी घेतला. प्रथम त्यांना वाटले की, या रोगाचा हवेतील क्षारतेशी संबंध असावा. कित्येक वर्षे त्यांनी हवेची तपासणी केली. पण पुरावा जुळेना, तेव्हा इतक्या श्रमांनी जोपासलेला तो तर्क त्यांनी सोडून दिला. पुढे या रोगात रक्तवाहिन्यांना इजा होते, हे त्यांच्या ध्यानात आले. मग रोग्याच्या रक्तातील विष निरोगी माणसाच्या रक्तात सुईप्रमाणे टोचणारे कोण? विचार करता करता त्यांची दृष्टी घरोघरी गुणगुणणाऱ्या डासावर खिळली. अंडी घालण्यासाठी मादीला रक्त लागते, आणि एकीनंतर दुसऱ्या माणसालाही ती चावते!

१४ ऑगस्ट १८८१ रोजी हवाना येथील विद्वानांच्या सभेत फिनले यांनी आपले मत मांडले. रोग पसरविणाऱ्या डासाची नेमकी जातही त्यांनी सांगितली. परंतु सभेने ते थंडपणे ऐकून घेतले. एवढासा डास एवढा मोठा अनर्थ कसा करील, असे म्हणून लोक त्यांना हसत. त्यांनी शंभरावर माणसांवर प्रयोग केले, तरी शंका घेण्यास जागा राहिलीच. रोग्याला आजाराच्या पहिल्या तीन दिवसांतच डास चावावा लागतो आणि त्यानंतर सुमारे बारा दिवस गेल्यावाचून तो डास रोग पसरवू शकत नाही, हे तेव्हा कोणी जाणत नव्हते. असा वीस वर्षे उपहास सोसूनही फिनले यांनी आपला शोध सोडला नाही.

१९०० साली वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन सैन्यातील डॉक्टरांचे एक मंडळ हवानास आले. फिनले यांनी आपल्याजवळची डासांची अंडी मोठ्या मनाने त्यांच्या हवाली केली. मंडळातील जेम्स कॅरल यांनी स्वतःला डास चाववून घेतला. ते मृत्यूच्या दारातून परत आले. परंतु त्यांचे सहकारी जेसी लाझिअर हे पीतज्वराने वयाच्या चौतिसाव्या वर्षी मरण पावले. पुढे काही धाडसी माणसे वीस रात्री रोग्यांच्या घाणेरड्या अंथरुणांवर निजली. त्यांपैकी एकालाही रोग झाला नाही. ज्यांना दूषित डास चावले, ते मात्र आजारी पडले. फिनले यांचे म्हणणे सत्य ठरले!

मग विल्यम गॉर्गस यांनी हवानातील साचलेल्या पाण्यावर मोहीम काढली. पिंपे झाकली, डबक्यांवर तेल ओतले. १९०१ सालच्या अखेरीपर्यंत शहर पीतज्वरमुक्त झाले. याच उपायांमुळे पुढे पनामाचा कालवाही १९१४ साली पुरा होऊ शकला. क्यूबा स्वतंत्र झाल्यावर फिनले तेथील मुख्य आरोग्याधिकारी झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचविले गेले. पण ते त्यांना लाभले नाही. २० ऑगस्ट १९१५ रोजी त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

मुलांनो, फिनले यांनी ओळखलेला डास तुमच्याही परिचयाचा आहे. पायांवर पांढरे पट्टे असलेला, दिवसा चावणारा एडिस इजिप्ती तो हाच. डेंगी, चिकुनगुनिया व झिका या रोगांचे विषाणू तोच पसरवितो. आज शास्त्रज्ञ आणखी एक पाऊल पुढे गेले आहेत. सजीवाचे गुण त्याच्या जनुकांवर अवलंबून असतात. २०२० साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी या डासाच्या जनुकांत असा बदल केला की, डेंगीच्या चारही प्रकारच्या विषाणूंना त्याच्या शरीरात थारा मिळेना. हे यश प्रयोगशाळेतील आहे. असे डास मोकळे सोडावेत की नाही, हे पुष्कळ परीक्षेनंतर आणि लोकांच्या संमतीनेच ठरले पाहिजे. तोवर अंगणातील डबा, कुंडीखालची ताटली व उघडे पिंप आठवड्यातून एकदा रिकामे करून कोरडे करणे, हे काम तुमच्या हातचे आहे. फिनले यांचे खरे स्मारक तेच होय.