आशाताईंच्या लाल गोळीमागची गोष्ट : डॉ. ल्युसी विल्स

गरोदर बाईला आशाताई लाल गोळ्या आणून देतात. रोज एक, १८० दिवस. पण कित्येक घरांत ती पाकिटं फळीवर तशीच पडून राहतात. या गोळीत लोह असतं आणि फॉलिक ॲसिड असतं. त्यातल्या फॉलिक ॲसिडचा माग पहिल्यांदा लागला तो आपल्या मुंबईत. तो काढला डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज बाईंनी.

ल्युसी यांचा जन्म १० मे १८८८ चा, इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमजवळचा. केंब्रिजला त्या वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकल्या. त्या काळी तिथे मुलींना परीक्षा देता यायची, पदवी मात्र मिळायची नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा त्या दक्षिण आफ्रिकेत होत्या. तिथे काही काळ त्यांनी रुग्णसेवा केली. मग लंडनला येऊन डॉक्टरकी शिकल्या आणि १९२० मध्ये डॉक्टर झाल्या.

१९२८ मध्ये त्या मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झालं. त्या वेळी मुंबईतल्या गरीब गरोदर बायका, त्यांत गिरणीत राबणाऱ्याही होत्या, अंगातलं रक्त आटून दगावत होत्या. काहींना वाटे, हा जंतूंचा आजार असावा. ल्युसीबाईंनी मात्र या बायका खातात काय, तेच आधी तपासलं. आजार जास्त होता तिथे ताटात भाजी, फळं, दूध जवळजवळ नव्हतंच.

मग त्यांनी एकेक पदार्थ देऊन पाहिला. जीवनसत्त्व अ आणि क देऊनही गुण येईना. एका फार आजारी माकडाला मार्माइट दिलं, म्हणजे यीस्टचा अर्क, जो इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड सुधारलं. मग तोच स्वस्त अर्क बायकांना दिला आणि काही दिवसांतच त्यांचं रक्त वाढू लागलं. १९३१ मध्ये बाईंनी हे प्रसिद्ध केलं. अर्कातलं नेमकं काय लागू पडलं, ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं उत्तर पुढे मिळालं. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून एक द्रव्य वेगळं काढलं गेलं. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून नाव पडलं फॉलिक ॲसिड. पुढे ते कारखान्यात बनवायची रीत शोधणाऱ्या चमूचे प्रमुख होते आपले आंध्रचे येल्लाप्रगडा सुब्बाराव.

आता हे अंगात काम कसं करतं ते बघा. हाडांच्या आतल्या मगजात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी तयार होतात. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी तिच्यातल्या डीएनएची नक्कल निघावी लागते. त्याला फोलेट लागतं. भाजीतलं फोलेट लहान आतड्यातल्या पेशी आत घेतात. पेशीच्या आवरणात त्यासाठी प्रथिनांची खास दारंच असतात. तिथून ते रक्तात जातं, रक्तातून मगजात. ते कमी पडलं की पेशी नुसती फुगते, दोन होत नाही. रक्तात मोठ्या, कच्च्या आणि थोड्याच पेशी उरतात. पोटात बाळ असलं की ही गरज आणखी वाढते.

बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. म्हणून मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना विचारून फॉलिक ॲसिड सुरू करावं. फोलेट पाण्यात विरघळतं, तेव्हा पालेभाजी उकडून पाणी फेकू नका. लाल गोळीने मळमळलं तर ती परस्पर बंद करू नका, आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगा.

ल्युसीबाईंनी लग्न केलं नाही. निवृत्तीनंतरही त्या देशोदेशी फिरून आहार आणि रक्तक्षयावर काम करत राहिल्या. १६ एप्रिल १९६४ ला त्या गेल्या. परळला ज्या बायकांसाठी त्यांनी हा माग काढला, त्यांच्यासारख्याच आपल्या लेकीसुना आहेत. फळीवरची गोळी त्यांच्या पोटात जायला हवी.