हवा की पाणी? सोइचिरो होंडा यांच्या हट्टाची गोष्ट

आपल्या कॉलेजच्या पार्किंगमध्ये एक चक्कर मारा. गाड्यांच्या टाक्यांवर एक आडनाव हमखास दिसेल, ते म्हणजे होंडा! कंपनीचं नाव म्हणून आपण ते इतक्यांदा वाचतो की ते एका लोहाराच्या मुलाचं आडनाव आहे हे लक्षातच येत नाही. तर मंडळी, आज त्या मुलाविषयी. त्याच्या यशाच्या गोष्टी सगळीकडे वाचायला मिळतात. मला मात्र सांगायची आहे ती त्याच्या हट्टाची गोष्ट. आपण उद्या इंजिनीअर होणार, आणि मला वाटतं या हट्टातून आपल्याला जास्त शिकण्यासारखं आहे.

सोइचिरोचा जन्म १७ नोव्हेंबर १९०६ चा, जपानमधल्या हमामात्सु शहराजवळच्या कोम्यो गावातला. वडील गिहेई लोहारकाम करायचे, पुढे सायकली दुरुस्त करू लागले. आई मिका विणकाम करायची. गावात पहिल्यांदा मोटार आली तेव्हा हा पोरगा तिच्यामागे धावत सुटला आणि रस्त्यावर ठिबकलेल्या तेलाचा वास घेत बसला. पुढे आयुष्यभर त्याला या वासाची आठवण होती म्हणे. अभ्यासात मात्र यथातथाच.

१९२२ साली तो टोकियोला आर्ट शोकाई नावाच्या मोटार गॅरेजमध्ये शिकाऊ म्हणून लागला. काम काय मिळालं? तर मालकाचं बाळ सांभाळायचं! पाठीवर मूल आणि डोळे इंजिनांकडे. हळूहळू हातात पाना आला आणि १९२८ मध्ये मालकाने त्याला हमामात्सुला त्याच गॅरेजची शाखा काढून दिली. गाड्या दुरुस्त करता करता शर्यतींचा नाद लागला. १९३६ मध्ये तामागावाच्या ट्रॅकवर त्यांच्या गाडीला जबर अपघात झाला, त्यातून ते कसेबसे वाचले.

मग पिस्टन रिंग बनवायचं डोक्यात आलं. रिंग काही केल्या जमेनात. तेव्हा हे गॅरेजमालक तिशीत असताना हमामात्सुच्या टेक्निकल शाळेत जाऊन पोरांच्या शेजारी बसले. त्यांच्या धातूत सिलिकॉन कमी पडतोय हे तिथल्या प्राध्यापकांकडून कळलं. हवे तेवढेच तास ऐकायचे, परीक्षेला बसायचं नाही असा त्यांचा खाक्या, त्यामुळे डिप्लोमा काही मिळाला नाही. पुढे टोयोटाला नमुन्याच्या पन्नास रिंग दाखवल्या, त्यातल्या फक्त तीन पास झाल्या. (आपली केटी बरी म्हणायची!) तरी ते मागे लागले आणि अखेर माल खपायला लागला.

१९४५ मध्ये युद्ध आणि भूकंप या दोघांनी मिळून कारखाना संपवला. उरलेला धंदा टोयोटाला विकून १९४६ मध्ये त्यांनी एक छोटी संशोधन संस्था काढली. सैन्याच्या वायरलेस संचांना वीज पुरवणारी छोटी इंजिनं पडून होती, ती सायकलींना बसवून विकायला सुरुवात केली. २४ सप्टेंबर १९४८ ला होंडा मोटर कंपनी उभी राहिली. पुढच्या वर्षी ताकेओ फुजिसावा नावाचा माणूस येऊन मिळाला. पैसा आणि विक्री फुजिसावा बघणार, यंत्र सोइचिरो बघणार, अशी वाटणी झाली. १९५८ मध्ये सुपर कब आली, तीच जिचा दहा कोटींचा टप्पा २०१७ मध्ये पूर्ण झाला. १९६१ मध्ये आइल ऑफ मॅनच्या अवघड शर्यतीत १२५ आणि २५० सीसी हे दोन्ही गट होंडाने जिंकले.

इथवर सगळं छान चाललं होतं. हट्टाची भानगड इथून पुढे आहे, आणि ती समजायला थोडं टेक्निकल बोलावं लागेल.

इंजिनात पेट्रोल जळतं, पण त्या उष्णतेचा थोडाच भाग चाकाला मिळतो. बाकीची बाहेर टाकावीच लागते, नाहीतर पिस्टन चिकटतो. एअर-कूल्ड इंजिनावर फिन्स असतात, वारा लागतो आणि काम भागतं. पण आतल्या भागांना वारा लागत नाही. तिथली उष्णता तेल घेऊन येतं. तेल फक्त वंगण नाही, ते उष्णतेचं हमालसुद्धा आहे.

हे मला पुस्तकात कळलं नाही, दादाच्या सेकंडहँड बाईकवर कळलं. तिला पुढे छोटासा ऑइल कूलर आहे. इंजिनातून गरम तेल एका नळीने कूलरला जातं, थंड होऊन दुसऱ्या नळीने परत येतं. आधीच्या कुणीतरी त्या नळ्या सायलेन्सरच्या बेंड पाइपला जवळजवळ खेटून नेल्या होत्या. म्हणजे कूलरने थंड करायचं आणि बेंड पाइपने वाटेत पुन्हा तापवायचं! रबर कडक होऊन जोडापाशी तेल पाझरायला लागलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या काकांच्या देखरेखीखाली दादाने आणि मी नव्या नळ्या टाकल्या, त्याही वेगळ्या वाटेने. बेंड पाइपपासून लांब, फ्रेमला घासणार नाही अशा, कुठेही तीव्र वळण नाही, कारण नळी दुमडली की तेल अडतं. इंजिन हादरतं आणि कूलर फ्रेमवर असतो, म्हणून थोडी ढील ठेवली. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून नळी ताणली जात नाही ना ते पाहिलं. बँजो बोल्टचे कॉपर वॉशर काकांनी नवेच घालायला लावले. मग इंजिन थोडा वेळ चालवून पाझर तपासला, बंद करून तेलाची पातळी बघितली. कूलर तोच, तेलही त्याच ग्रेडचं. बदलली ती फक्त वाट. उष्णता काढायची पद्धत बरोबर असून भागत नाही, ती कुठे बसवली आहे हेही बघावं लागतं, हे त्या दिवशी चांगलंच डोक्यात बसलं.

आता होंडांकडे वळू. कारच्या धंद्यात उतरल्यावर त्यांच्या सुरुवातीच्या स्पोर्ट्स कार आणि रेसिंग कार पाण्यानेच थंड होणाऱ्या होत्या. पण १९६७ मध्ये आलेली छोटी एन ३६० ही कार एअर-कूल्ड होती आणि ती धडाक्यात खपली. मग सोइचिरोंच्या मनाने घेतलं की मोठी इंजिनंही हवेवरच चालली पाहिजेत. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा होता: रेडिएटरमधलं पाणी शेवटी हवाच थंड करते, मग मधला हा पाण्याचा दलाल हवाय कशाला? ऐकायला किती पटतं बघा!

१९६९ साली या विचाराची दोन अपत्यं बाजारात आली. एक सीबी ७५० मोटारसायकल. ७३६ सीसी, चार सिलिंडर, सुमारे दोनशेचा टॉप स्पीड, एअर-कूल्ड. तिचं तेल इंजिनाखाली न राहता बाजूच्या वेगळ्या टाकीत असतं आणि नळ्यांमधून फिरतं, याला ड्राय संप म्हणतात. या गाडीने जग जिंकलं. दुसरं अपत्य म्हणजे होंडा १३०० ही कार. तिथेही एअर-कूलिंग, तिथेही ड्राय संप. पण मोटारसायकलचं इंजिन उघड्या वाऱ्यात असतं आणि कारचं बॉनेटखाली कोंडलेलं. त्यामुळे दुहेरी भिंतींचं इंजिन करून त्यातून पंख्याने हवा ढकलावी लागली. दलाल काढायला गेले आणि वजन, खर्च, गुंतागुंत सगळंच वाढून बसलं. कार जोरदार होती, पण खपली नाही.

त्याआधी १९६८ मध्ये एअर-कूल्ड इंजिनाची आरए ३०२ ही फॉर्म्युला वन कारही तयार झाली होती. टीमचा ड्रायव्हर जॉन सर्टीज याने ती शर्यतीला तयार नाही असं सांगून चालवायला नकार दिला. तरीही ७ जुलैला फ्रान्समध्ये रूआंच्या ट्रॅकवर ती उतरवली गेली. चालवत होता जो श्लेसर. पाऊस पडत होता. सुरुवातीच्याच फेऱ्यांत गाडी घसरून उलटली, पेट्रोल आणि मॅग्नेशियमची बॉडी पेटली आणि श्लेसर त्यात गेला. अपघात एअर-कूलिंगमुळेच झाला असं कुणी म्हणू नये, रस्ता ओला होता. पण घाईने आणि हट्टाने उतरवलेल्या गाडीत एक माणूस गेला हे खरंच आहे. त्याच शर्यतीत सर्टीज होंडाच्याच वॉटर-कूल्ड गाडीत दुसरा आला.

कंपनीतल्या तरुण इंजिनीअरांची घुसमट वाढत होती. अमेरिकेत धुराविरुद्ध कडक कायदा येऊ घातला होता. धूर कमी करायचा तर इंजिनाचं तापमान नीट ताब्यात पाहिजे आणि ते पाण्यानेच साधेल, असं त्यांचं म्हणणं. पण सांगणार कोणाला? समोर खुद्द संस्थापक, तोही रागीट म्हणून प्रसिद्ध! तादाशी कुमे, नोबुहिको कावामोतो अशा मंडळींनी शेवटी १९६९ च्या उन्हाळ्यात फुजिसावांना गाठलं. फुजिसावांनी सगळं ऐकून घेतलं, स्वतः तांत्रिक वादात पडले नाहीत. त्यांनी सोइचिरोंना एवढंच विचारलं की तुम्हाला कंपनीचे अध्यक्ष म्हणून राहायचं आहे की इंजिनीअर म्हणून? सोइचिरोंनी थोडा विचार करून अध्यक्ष म्हणून, असं सांगितलं. मग पोरांना पाणी वापरू द्याल ना, असा पुढचा प्रश्न आला. आणि ज्या माणसाने आयुष्यभर स्वतःच्या हाताने इंजिनं बनवली होती त्याने होकार दिला.

मला विचाराल तर आइल ऑफ मॅनच्या विजयापेक्षा हा होकार मोठा आहे. डिप्लोमा नाही, पदवी नाही, जे काही होतं ते इंजिनाविषयीची स्वतःची समज. तीच बाजूला ठेवायला सांगितली होती!

पुढे काय झालं ते इतिहासात आहे. १९७२ मध्ये वॉटर-कूल्ड सिव्हिक आली. त्याच वर्षी सीव्हीसीसी इंजिन जाहीर झालं. छोट्या कप्प्यात दाट मिश्रण पेटवायचं आणि त्या ज्योतीने मोठ्या कप्प्यातलं विरळ मिश्रण जाळायचं, अशी त्याची युक्ती. अमेरिकेच्या नव्या कायद्यात ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय बसलं. सोइचिरोंना यात मोठ्या अमेरिकन कंपन्यांना हरवायची संधी दिसली, पण पोरांचं म्हणणं पडलं की हे आम्ही कंपनीसाठी नाही, समाजासाठी करतोय. ते ऐकून आपला काळ संपला हे त्यांनी ओळखलं. १९७३ मध्ये सोइचिरो आणि फुजिसावा दोघे एकदमच निवृत्त झाले. गादीवर मुलाला बसवलं नाही. पुढे १९८३ मध्ये अध्यक्ष झाले ते कुमे आणि १९९० मध्ये कावामोतो, म्हणजे ज्यांनी त्यांना विरोध केला होता तेच!

निवृत्तीनंतर ते जपानभर फिरून कामगारांना आणि दुकानदारांना भेटत, त्यांचे आभार मानत राहिले. ५ ऑगस्ट १९९१ ला टोकियोत त्यांचं निधन झालं. तोवर हे नाव आपल्याकडेही रुळलं होतं. १९८४ मध्ये आपल्या पुण्याच्या कायनेटिकशी आणि तिकडे उत्तरेत हिरोशी होंडाचे करार झाले होते. आपल्यापैकी कित्येकांच्या आया कायनेटिक होंडावरच गाडी शिकल्या.

आता थोडं आपल्याविषयी. प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये एक जण असतो, ज्याने सगळं सुरू केलेलं असतं आणि ज्याला सगळ्यांपेक्षा जास्त येतं. त्याच्यापुढे बोलायची कुणाची छाती होत नाही. ज्युनिअर्स, डिझाइन चुकतंय असं दिसलं तर बोला, थेट जमत नसेल तर तुमचा फुजिसावा शोधा. आणि सगळं येणारे तुम्हीच असाल, तर समोरच्याचं एकदा पूर्ण ऐकून घ्या. होंडांना जमलं ते आपल्यालाही जमायला हरकत नाही.