संन्याशाची शाळा

स्वामी रामानंद तीर्थ हे नाव हिंगोली जिल्ह्यात दोन ठिकाणी हमखास भेटते. एकदा दरवर्षी १७ सप्टेंबरच्या भाषणांत आणि दुसऱ्यांदा नांदेडच्या विद्यापीठाच्या पदवीपत्रावर. दोन्हीकडे स्वामीजी असतात ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सेनापती म्हणून. त्याआधी हा माणूस नऊएक वर्षे मराठवाड्यात मास्तरकी करीत होता, हे फारसे कोणी सांगत नाही. मला मात्र स्वामीजी जवळचे वाटतात ते त्या नऊ वर्षांमुळेच.

३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे ते जन्मले. मूळ नाव व्यंकटेश खेडगीकर. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारी शिक्षणाकडे पाठ फिरवली आणि पुढे पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात शिक्षण घेतले. नंतर कामगारनेते ना. म. जोशी यांचे चिटणीस म्हणून काम केले. प्रकृती ढासळली आणि १९२९ च्या सुमारास हा तरुण निजामी मुलखातल्या हिप्परगा या खेड्यात येऊन राष्ट्रीय शाळेत शिकवू लागला. संन्यास घेतला तोही तिथेच. भगवी वस्त्रे अंगावर चढली, पण हातातला खडू सुटला नाही. आपल्याकडे संन्यासी मठात जातो. हा वर्गात गेला.

हे धाडस समजून घ्यायचे तर त्या राज्यातले शिक्षण समजून घ्यायला हवे. हैदराबाद संस्थानात तेलुगू बोलणारे निम्म्याच्या आसपास, मराठी बोलणारे सुमारे पाव, कन्नड भाषक त्याहून कमी आणि उर्दू मातृभाषा असलेले साधारण दहा-बारा टक्के. तरीही वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने आधुनिक शास्त्रे इंग्रजीऐवजी एका भारतीय भाषेत शिकवण्याचा प्रयोग केला. प्रयोग मोठाच होता. त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण परकी भाषा नको म्हणून उभे राहिलेले ते विद्यापीठ बहुसंख्य प्रजेला परक्याच भाषेत शिकवीत होते. त्या वेळी परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोली, वसमत, कळमनुरीच्या शेतकऱ्याच्या पोराने मराठीत चार यत्ता कराव्यात आणि पुढे एकदम दुसऱ्या भाषेच्या भिंतीवर डोके आपटावे, अशी ती व्यवस्था होती. खासगी शाळा काढायची म्हटली तरी सरकारी परवानगी हवी.

अशा राज्यात १९२१ साली हिप्परग्याला राष्ट्रीय शाळा उभी राहिली होती. असहकाराच्या काळात देशभर निघालेल्या अशा शाळांची घडण ठाऊक आहे : शिक्षण मातृभाषेतून, हाताला काम, अंगाला व्यायाम आणि सरकारी अनुदानापासून चार हात दूर. काय शिकवायचे हे ठरवण्याची मोकळीक त्यातून मिळे. तिची किंमतही असे. मान्यता नसलेल्या शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला नोकरीचा दरवाजा उघडणे कठीण. पोटाला चिमटा घेऊन मुलगा शिकवणाऱ्या बापाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हती. राष्ट्रीय शिक्षणाचे गोडवे गाताना या बापाला आपण सोयीस्करपणे विसरतो.

१९३५ साली स्वामीजी अंबाजोगाईला आले. निजामी कागदपत्रांत त्या गावाचे नाव मोमिनाबाद. तिथे योगेश्वरी विद्यालयाच्या उभारणीत ते आणि बाबासाहेब परांजपे बुडून गेले. हिप्परग्याच्या आडगावातून तालुक्याच्या गावी आलेला हा शिक्षक आता अधिक मुलांपर्यंत पोचत होता. सरकारी चौकटीच्या अगदी जवळ राहून आपले मूल्य मुलांत रुजवणे हे मला चौकटीबाहेर राहण्यापेक्षा अवघड वाटते.

१९३८ साली स्टेट काँग्रेसवर स्थापनेपूर्वीच बंदी आली. शाळा सोडून स्वामीजींनी ऑक्टोबरमध्ये सत्याग्रह केला आणि ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानियातून काढलेल्या विद्यार्थ्यांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. पुढचा इतिहास सर्वांना पाठ आहे. वसमतचे विद्यालय ज्यांच्या नावाने उभे आहे ते हुतात्मा बहिर्जी शिंदे याच लढ्यातले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजाम शरण आला तेव्हा स्वामीजी तुरुंगातच होते.

नंतर ते १९५२ आणि १९५७ अशा दोन निवडणुकांत लोकसभेवर निवडून गेले. पण मंत्रिपदाच्या खुर्चीत ते कधी दिसले नाहीत. भाषावार प्रांतरचनेसाठी हैदराबाद राज्याचे विभाजन व्हावे, असा आग्रह त्यांनी धरला. त्यामागे मला मास्तर दिसतो. मुलांना त्यांच्या भाषेत शिकवायचे तर राज्यही त्या भाषेचे हवे. २२ जानेवारी १९७२ रोजी ते गेले. नांदेडचे विद्यापीठ १९९४ चे, हिंगोली जिल्हा १ मे १९९९ चा.

भाषेची ती भिंत आता पडली आहे. पुस्तक मराठीतच येते, १९६७ पासून बालभारतीचे, पुण्याहून. पण कळमनुरीकडच्या आंध आदिवासी वाडीतल्या मुलाची बोली, दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जाणाऱ्या तांड्यावरच्या मुलीचे शाळेचे वर्ष, घरोघर हळद शिजवण्याचे दिवस यांचा मेळ त्या पुस्तकाशी आणि वेळापत्रकाशी कोणी घालायचा? शिक्षणहक्क कायद्याने २००९ साली पालकांची शाळा व्यवस्थापन समिती आणली, तिच्याकडे शाळेचा विकास आराखडाही सोपवला. मी पाहिलेल्या आराखड्यांत संरक्षक भिंत असते, पत्रे असतात, पाण्याची टाकी असते. काय शिकवायचे याची एक ओळ क्वचितच.

आणि औंढा नागनाथजवळ दुधाळा येथे लायगो-इंडिया उभी राहायची आहे. २०२३ साली केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी भुजा, दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून निघालेल्या लहरी टिपण्यासाठी. शेजारच्या जिल्हा परिषद शाळेत बसलेल्या मुलीला ते यंत्र काय करणार आहे, हे तिला कळेल अशा मराठीत सांगणारा धडा लिहावा लागेल. तो पुण्याहून येण्याची वाट पाहायची की औंढ्याच्याच शिक्षकांनी बसून लिहायचा, हे अजून कुणी ठरवलेले माझ्या कानावर आलेले नाही.