दोन ठिपक्यांची भागीदारी

शाळेत रसायनशास्त्राच्या वहीत पाण्याचा रेणू दाखवताना आपण ऑक्सिजनभोवती ठिपके काढायचो. ते ठिपके म्हणजे इलेक्ट्रॉन. ही पद्धत दिली अमेरिकी शास्त्रज्ञ गिल्बर्ट न्यूटन लुईस यांनी. त्यांचा जन्म 1875 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातला.

मीठ कसे बनते, याचा अंदाज त्या काळी येऊ लागला होता. सोडियमचा अणू एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरिनचा अणू तो घेतो आणि विरुद्ध प्रभारांमुळे दोघे एकमेकांकडे ओढले जातात. पण हायड्रोजनचे दोन अगदी सारखे अणू एकत्र का राहतात? त्यांच्यात देणारा कोण आणि घेणारा कोण?

1902 मध्ये हार्वर्डला शिकवत असताना लुईस यांनी अणूची कल्पना ठोकळ्यासारखी केली. त्याच्या आठ कोपऱ्यांवर आठ इलेक्ट्रॉनांच्या जागा होत्या. ही आकृती बरीच वर्षे टिपणांतच राहिली. पुढे फिलिपिन्समध्ये वजनमापांचे सरकारी काम, मग एमआयटी आणि 1912 पासून बर्कले असा त्यांचा प्रवास झाला. अखेर 1916 मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हायड्रोजनच्या अणूंमध्ये देणेघेणे नसून भागीदारी असते, असे त्यांनी मांडले. प्रत्येक अणू एकेक इलेक्ट्रॉन पुढे करतो आणि ती जोडी दोघांच्या मालकीची होते. पाण्यातही तसेच घडते. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत 6 इलेक्ट्रॉन असतात. दोन हायड्रोजनशी भागीदारी केली की ते 8 होतात. इलेक्ट्रॉनांची जोडीच का जमते, याचा उलगडा 1927 पासून क्वांटम सिद्धान्ताने होऊ लागला.

हा विचार लोकांपर्यंत पोहोचवला तो मुख्यतः आयर्विंग लँगम्युर यांनी. सहसंयुज बंध हे नावही त्यांनीच रूढ केले आणि श्रेयही बरेचसे त्यांच्याकडे गेले. लुईस यांचे नाव नोबेलसाठी 40हून अधिक वेळा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही. त्यांचे विद्यार्थी हॅरॉल्ड युरी यांना मात्र ते 1934 मध्ये मिळाले. 23 मार्च 1946 रोजी लुईस प्रयोगशाळेतच मृतावस्थेत आढळले. मृत्यूचे कारण हृदयविकार असे नोंदले गेले.

आज अनेक हृदयरुग्णांना आम्ही ॲस्पिरिनची छोटी गोळी देतो. तिचे काम लुईस यांच्या भागीदारीवरच चालते. गोळीतील रेणूचा एक तुकडा प्लेटलेटमधल्या एका विकराला सहसंयुज बंधाने जोडला जातो आणि ते विकर निकामी होते. औषध काही तासांत रक्तातून निघून जाते, पण प्लेटलेटला नवे विकर बनवता येत नाही. त्यामुळे ती उरलेले आयुष्य, म्हणजे जास्तीत जास्त 7 ते 10 दिवस, गुठळी करण्यात मंद राहते.

म्हणूनच शस्त्रक्रिया ठरली किंवा दात काढायचा असला, तर ॲस्पिरिन घेत असल्याचे डॉक्टरांना आधीच सांगा. ती परस्पर बंद मात्र करू नका.